तुम्ही रानात उभे, मोबाइल म्हणतो ‘गटाबाहेर’: हे आत-बाहेरचं गणित चालतं तरी कसं?

पीक पाहणीचे दिवस आले की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. “मी माझ्याच रानात उभा आहे अन् मोबाइल सांगतोय तुम्ही गटाच्या बाहेर.” मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं सर्व्हर डाऊन असेल, कोणी म्हणतं मोबाइल जुना झाला, कोणी म्हणतं हे सगळं थोतांड आहे. यातलं एखादं कधीमधी खरंही असतं. पण बहुतेक वेळा गोष्ट वेगळीच असते आणि ती समजून घेतली तर तालुक्याच्या निम्म्या चकरा वाचतात.

विषय किरकोळ नाही. गाव नमुना बारावर पीक लागलं नाही तर पुढं सगळीकडे अडतं. हमीभावाच्या केंद्रावर तूर, सोयाबीन न्यायची तर पिकाची नोंद असलेला सातबारा मागतात. अतिवृष्टीनंतर मदतीच्या याद्या होतात तेव्हा नोंद बघितली जाते. विम्याच्या अर्जात एक पीक आणि पाहणीत दुसरं, किंवा पाहणीच कोरी, असं असलं की वादाला जागा होते. म्हणजे ‘आत’ की ‘बाहेर’ या एका शब्दावर वर्षाची कमाई लटकलेली असू शकते.

ई-पीक पाहणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. त्याआधी पेरा तलाठी लावायचे, तेही कधी कधी चावडीत बसून. आता शेतकऱ्याने स्वतः रानात जाऊन फोटो काढायचा. 2024 पासून केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेली पद्धत आली आणि नियम कडक झाला. फोटो गटापासून 50 मीटरच्या आतूनच घेतला पाहिजे. घरी बसून किंवा शेजाऱ्याला सांगून काम उरकण्याची सोय त्यामुळे संपली. पण याच नियमाने मोबाइलला एक प्रश्न दरवेळी सोडवावा लागतो: हा माणूस आहे तो ठिपका, या गटाच्या हद्दीत पडतो का?

या प्रश्नाचे तीन तुकडे आहेत. ठिपका कुठे आहे, हद्द कुठे आहे, आणि दोन्हींची तुलना. तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण लोक शिव्या त्यालाच देतात आणि चूक तिथे जवळजवळ कधीच नसते.

बांध किती वेळा ओलांडला?

मोबाइलला आपल्यासारखं वरून बघून ‘हा काय, आतच आहे’ असं कळत नाही. त्याच्याकडे फक्त आकडे असतात. गटाच्या प्रत्येक कोपऱ्याचा एक अक्षांश, एक रेखांश. कोपरे ओळीने जोडले की हद्द तयार होते. आता ठिपका आत की बाहेर हे ठरवायची युक्ती इतकी साधी आहे की आपल्या आजोबांनाही पटली असती.

ठिपक्यावर उभं राहायचं आणि नाक जिकडे असेल तिकडे सरळ चालत सुटायचं, गटाच्या पार पलीकडे जाईपर्यंत. वाटेत त्या गटाचा बांध किती वेळा ओलांडला ते मोजायचं. विषम आकडा आला, म्हणजे एक, तीन, पाच, तर सुरुवातीला तुम्ही आत होतात. सम आला, म्हणजे शून्य, दोन, चार, तर बाहेर. कारण उघड आहे. प्रत्येक वेळी बांध ओलांडला की आतला बाहेर होतो आणि बाहेरचा आत. शेवटी तुम्ही नक्की बाहेर आहात हे माहीत आहे, मग उलटं मोजत आलं की सुरुवात कळते.

कागदावर करून बघा. एल आकाराचा एक गट काढा. नैऋत्य कोपरा शून्य धरा. तिथून उगवतीला 200 मीटर, मग उत्तरेला 80 मीटर, मग परत मावळतीला 110 मीटर, पुन्हा उत्तरेला 100 मीटर, मावळतीला 90 मीटर आणि शेवटी दक्षिणेला 180 मीटर सरळ खाली, सुरुवातीच्या दगडावर. क्षेत्र भरतं 25,000 चौरस मीटर, म्हणजे 2 हेक्टर 50 आर. ईशान्येला जी खाच राहिली ती शेजाऱ्याची.

आता पहिला माणूस उभा करा नैऋत्य कोपऱ्यापासून 150 मीटर उगवतीला आणि 60 मीटर उत्तरेला. तो उगवतीला चालत गेला तर एकच बांध लागतो, 200 मीटरवरचा. एक म्हणजे विषम. आत. दुसरा माणूस 150 मीटर उगवतीला पण 120 मीटर उत्तरेला. तो उगवतीला चालला तर या गटाचा एकही बांध लागत नाही, कारण 200 मीटरवरचा बांध 80 मीटरवरच संपला. शून्य, म्हणजे बाहेर. पटत नसेल तर त्याला मावळतीला चालवा. 90 मीटरवरचा बांध ओलांडून तो गटात शिरतो आणि शून्यावरचा ओलांडून बाहेर पडतो. दोन झाले, सम. पुन्हा बाहेरच. दिशा कुठलीही घ्या, उत्तर बदलत नाही. नदीच्या वळणाने बांध सापासारखा गेला असला तरी, आणि मधे गावठाणाचा किंवा दुसऱ्या गटाचा तुकडा बेटासारखा सुटला असला तरी ही मोजणी चालते, फक्त आतल्या बेटाचा बांधही मोजायचा.

दुसरा माणूस ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक अडचण मात्र येते. चालताना रेषा नेमकी कोपऱ्याच्या दगडावरून गेली तर? तिथे दोन बांध मिळतात, मग एक धरायचा की दोन? आपल्याच गटात 40 मीटर उगवतीला आणि बरोबर 80 मीटर उत्तरेला उभे राहा, उगवतीकडे चाला, आणि हाच घोळ होईल, कारण पुढे बांध आडवाच पडलेला आहे. यासाठी प्रोग्राम लिहिणारे एक नियम ठरवून घेतात: प्रत्येक उभ्या-तिरक्या बांधाचं खालचं टोक धरायचं, वरचं सोडायचं, आणि सपाट आडवा बांध मोजायचाच नाही. तसं केलं की 90 मीटरवरचा बांध मोजला जातो, कारण 80 हे त्याचं खालचं टोक आहे. 200 मीटरवरचा सुटतो, कारण 80 हे त्याचं वरचं टोक. एकूण एक. आत. बरोबर.

संगणकासाठी ही रीत छापून आली 1962 मध्ये, अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांच्या एका मासिकात. शिम्रत नावाच्या माणसाने ती मांडली आणि त्याच वर्षी तिच्यात दुरुस्तीही छापली गेली. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. दुसरी एक पद्धत आहे, ती अशी की ठिपक्यावर उभं राहून गटाच्या एकेका कोपऱ्याकडे ओळीने तोंड करत फिरायचं. आत असाल तर एक पूर्ण गिरकी होते, बाहेर असाल तर जितके डावीकडे वळता तितके परत उजवीकडे. काही सॉफ्टवेअर ती वापरतात. उत्तर सारखंच.

शिवारात शेकडो गट असतात. प्रत्येकाचा बांध मोजत बसलं तर उशीर होईल, म्हणून मशीन आधी ढोबळ चाळणी लावतं. गटाभोवती एक चौकट कल्पायची आणि ठिपका त्या चौकटीतच नसेल तर पुढे बघायचंच नाही. आपल्या एल आकाराच्या गटाची चौकट 200 बाय 180 मीटरची. दुसरा माणूस चौकटीत आहे, पण गटात नाही. एखाद्या घाईच्या प्रोग्रामने चौकटीवरच निकाल दिला तर शेजाऱ्याचं पीक आपल्या नावे चढेल. चांगला प्रोग्राम चौकटीवर थांबत नाही.

ठिपका खरंच तिथे आहे का?

आता ठिपका. मोबाइलला आपली जागा कळते ती सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या संदेशांवरून. निदान चार उपग्रह दिसावे लागतात. रशिया, युरोप, चीनचेही असे उपग्रह आहेत आणि आपल्या देशाचा नाविक आहे. बरेचसे मोबाइल यातले अनेक मिळून वापरतात. मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालून देत होती, ती 100 मीटरपर्यंत जायची. आज उघड्या आभाळाखाली साध्या मोबाइलची जागा साधारण 5 मीटरच्या आत बरोबर येते.

उघड्या आभाळाखाली, हे शब्द महत्त्वाचे. पुरुषभर उंच ऊस, केळीची बाग, आंब्याची दाट सावली, विहिरीजवळचं शेड, डोंगराची कड, यांच्या आडोशाला आकडा बिघडतो. नकाशा उघडल्यावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ती मोबाइलने दिलेली कबुली असते की ‘मी या वर्तुळात कुठेतरी आहे’. आणि तीही पक्की नाही. अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाचा अर्थ असा की साधारण तीनपैकी दोन वेळा खरी जागा वर्तुळात असते. तिसऱ्या वेळी बाहेर. वर्तुळ मोठं असेल तर घाई करू नये. दोन-चार मिनिटं मोकळ्या जागी मोबाइल धरून थांबलं की ते आकसतं.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक तपासतात. अँड्रॉइड 12 आणि पुढच्या मोबाइलमध्ये अॅप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा दोन चित्रं येतात, एक अचूक आणि एक अंदाजे. घाईत अंदाजेवर बोट पडलं तर मोबाइल अॅपला काही चौरस किलोमीटरचा ढोबळ पत्ताच देतो. मग तुम्ही भर रानात उभे राहिलात तरी अॅपच्या लेखी तुम्ही कुठल्या तरी भलत्याच वस्तीवर असता. सेटिंगमध्ये अॅपच्या परवानग्या उघडून ‘अचूक लोकेशन’ चालू आहे का ते आधी बघा. यात पाच पैसे जात नाहीत.

इंटरनेट नाही म्हणून जागा चुकते, हाही गैरसमज आहे. उपग्रहाचा संदेश फुकट आणि नेटशिवाय येतो. नेट असलं की जागा लवकर सापडते एवढंच. रेंज नसलेल्या रानात पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो, पण पकडली की चालते.

आणि हद्द?

खरी गुंतागुंत इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मोबाइलमधली हद्द आकाशातून पडलेली नाही. ती जुन्या गावनकाशांवरून आली आहे. इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या जमीन मोजणीची घडी बसली ती भीमेकाठच्या इंदापूर तालुक्यात, 1830 च्या दशकात, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. हातात साधन काय, तर शंकू आणि साखळी. साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. 33 गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर, हे आपण आजही बोलतो ते त्या साखळीचंच बोलणं आहे. पुढे 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जिथे एकत्रीकरण झालं नाही तिथे सर्व्हे नंबरच राहिले.

त्या मोजणीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. उन्हातान्हात साखळी ओढून त्या लोकांनी जे केलं त्यावर दीडशे वर्षं महसूल चालला. पण ते नकाशे क्षेत्र आणि आकार सांगण्यासाठी होते. पृथ्वीवर हा दगड कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आता कागद स्कॅन करून, रेषा गिरवून, गावाच्या शिवेचे ओळखीचे दगड, रस्ते, ओढे जुळवून तो नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवतात. जुना कागद कुठे आकसलेला, कुठे घडी पडलेली. समजा नकाशा 1 इंचाला 20 साखळ्या, म्हणजे 660 फूट, या प्रमाणाचा आहे. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळपास 4 मीटर रुंद होते. रेघेची जाडीच 4 मीटर, मग बांध त्या रेघेच्या कोणत्या काठाला? आणि संबंध नकाशा बसवताना थोडा सरकला तर सगळं शिवार सरकतं.

म्हणूनच 50 मीटरची सूट ठेवलेली असते. ठिपका बाहेर पडला तर मशीन प्रत्येक बांधापर्यंतचं सगळ्यात जवळचं अंतर काढतं आणि त्यातलं कमीत कमी 50 च्या आत असेल तर चालवून घेतं. प्रामाणिक माणसाला यातून वाट मिळते.

पण मघाचा दुसरा माणूस आठवा. तो शेजाऱ्याच्या खाचेत उभा आहे. त्याच्यापासून आपल्या गटाचा आडवा बांध 40 मीटरवर आहे. म्हणजे तो बाहेर असूनही सूट त्याला आत घेणार आणि शेजाऱ्याचा कांदा आपल्या गटावर चढू शकणार. सूट वाढवली की खोट्याला जागा होते, कमी केली की खरा माणूस अडकतो. यातून सुटका नाही, फक्त मधला आकडा निवडायचा असतो. माझ्या मते 50 मीटर कोरडवाहू मोठ्या गटांना ठीक आहे, बागायती पट्ट्यांना जास्त आहे.

पट्ट्यांचं उदाहरण घेऊ. 60 मीटर रुंद, 300 मीटर लांब रान चार भावांत वाटलं, तर प्रत्येकाला 15 मीटरची पट्टी, 45 आर. अगदी मधोमध उभं राहिलं तरी दोन्ही बांध साडेसात मीटरवर. मोबाइलची चूक 5 मीटर, नकाशाची रेघ 4 मीटर. इथे ‘माझ्या पट्टीत’ हे मोबाइलवरून छातीठोक सांगता येत नाही. त्यात भर म्हणजे बऱ्याच ठिकाणी पोटहिश्श्याची मोजणीच झालेली नसते. सातबारे चार, नकाशात मात्र गट एकच. अशा गटात मोबाइल ‘आत’ म्हणतो त्याचा अर्थ तुम्ही गटात आहात एवढाच. तुमच्या हिश्श्यात आहात असा त्याचा अर्थ नाही, आणि भावाभावांच्या वादात तो फोटो पुरावा म्हणून नाचवण्यात काही हशील नाही.

चूक कुणाची, हे घरीच कसं ओळखायचं?

ठिपक्याची चूक आणि हद्दीची चूक, दोघींचा स्वभाव वेगळा. ठिपका भटकतो. आज उगवतीला सरकला तर उद्या दक्षिणेला. नकाशाची चूक भटकत नाही. ती रोज त्याच दिशेला, तेवढ्याच अंतराने असते आणि शेजारच्या गटालाही तशीच लागते.

तेव्हा एक सोपी परीक्षा करा. गटाच्या कोपऱ्यावर जो हद्दीचा दगड दोन्ही शेजाऱ्यांना मान्य आहे त्यावर मोबाइल ठेवा, वर्तुळ लहान होऊ द्या, आणि गूगल मॅप्समध्ये ती जागा सेव्ह करा. दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, पुन्हा. तिसऱ्यांदा जमलं तर शेजाऱ्याच्या मोबाइलने. तिन्ही खुणा विखुरल्या असतील तर दोष ठिपक्याचा. मोकळ्या जागी, रानाच्या मधोमध जाऊन पुन्हा पाहणी करा, काम होऊन जाईल. तिन्ही खुणा चार-पाच मीटरच्या घोळक्यात आल्या, तरीही अॅप दरवेळी बाहेरच म्हणत असेल, आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यालाही तेच होत असेल, तर नकाशा सरकलेला असण्याची शक्यता जास्त. आणि फक्त तुमचंच होत असेल, शेजारी सगळे आत असतील, तर तिसरी शंका घ्या: गटच चुकीचा निवडला आहे का? जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यात गफलत नेहमी होते.

महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की आकार दिसतो. तिथे क्षेत्राच्या आधी शेजारचे गट बघा. तुमच्या उगवतीला कोण, मावळतीला कोण, ओढा कुठून जातो, हे तुम्हाला पाठ आहे. नकाशातले शेजारी आणि खरे शेजारी जुळत नसतील तर प्रश्न मोबाइलचा नाहीच.

काही ठिकाणी चौथाच प्रकार निघतो. जमीन कसतो एक, सातबारा दुसऱ्याच्या नावे. आजोबांच्या काळात तोंडी अदलाबदल झालेली, कागद कुणी केलाच नाही. आजवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण पेरा चावडीत लागत होता. आता मोबाइल रानात उभं करतो आणि झाकलेलं उघडं पडतं. यासाठी शासनाने जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. निदान 12 वर्षं असा एकमेकांकडे ताबा असेल आणि दोघेही राजी असतील तर अदलाबदलीच्या दस्ताला 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी फी. योजनेची मुदत चालू आहे का, हे आधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. राजी नसतील तर मात्र कोणतंही अॅप तुमचा तंटा सोडवणार नाही.

गावातल्या पोरांसाठी दोन शब्द

शेतकरी कंपन्या, पाणलोटाची कामं, ठिबकचे गट, यांच्याकडे शे-दोनशे शेतकऱ्यांचे लोकेशन असतात. कोणता शेतकरी लाभक्षेत्रात, कोणता बाहेर, हे एकेक करून बघत बसायची गरज नाही. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एकीकडे हद्दीची फाइल, दुसरीकडे लोकेशनची यादी टाका आणि ‘सिलेक्ट बाय लोकेशन’ चालवा. आतले सगळे ठिपके पिवळे होतात. तिथे ‘विदिन’ निवडलं तर नेमके बांधावर पडलेले ठिपके धरले जात नाहीत, ‘इंटरसेक्ट’ निवडलं तर धरले जातात. कुणाला वगळायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारी यादी असेल तर हा फरक आधी ठरवून सगळ्यांना सांगा, नंतर बोंब होते.

दोन चुका सगळ्यात जास्त होतात. पहिली, आकड्यांची अदलाबदल. गूगल मॅप्स आधी अक्षांश दाखवतं, मग रेखांश. हद्दीच्या बऱ्याच फाइलींत उलटं असतं, आधी रेखांश. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. आमच्या करमाळ्याकडचा ठिपका साधारण 18.4 आणि 75.2. उलटा भरला तर शेतकरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात जाऊन पडतो. तिथे कुणाचाच गट नाही, म्हणून सगळेच ‘बाहेर’. सगळी यादी एकदम बाहेर गेली की पहिला संशय हाच घ्यायचा.

दुसरी चूक, दशांश खाणं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास 111 किलोमीटर. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे 105 किलोमीटर. म्हणजे दशांशानंतर पाच आकडे लिहिले तर जागा साधारण मीटरभरात कळते, चार लिहिले तर दहा-अकरा मीटरने हलू शकते, तीनच लिहिले तर शंभरावर मीटरने. वहीत उतरवताना ‘तीन आकडे पुरे’ म्हणून शेवटचे सोडले की माणूस दोन बांध पलीकडे गेलाच. सगळे आकडे जसेच्या तसे घ्या.

कार्यालयात जाताना काय न्यायचं?

वरच्या परीक्षेत नकाशाच सरकलेला निघाला, तर ‘अॅप चालत नाही’ असा अर्ज देऊ नका. त्याला उत्तर एकच येतं, पुन्हा प्रयत्न करा. अर्जात गट नंबर, दगडावर घेतलेल्या तिन्ही वेळच्या जागांचे पूर्ण आकडे, तारखा, आणि हद्द कोणत्या दिशेला अंदाजे किती मीटर सरकलेली दिसते ते लिहा. शेजारच्या दोन-तीन गटधारकांच्या सह्या घ्या आणि त्यांचेही आकडे जोडा. एकट्याची तक्रार मोबाइलवर ढकलता येते, चार गटांची एकाच दिशेची तक्रार ढकलता येत नाही. एक प्रत तलाठ्यांना, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, आणि एक तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयाला. दोन्हीकडून पोच घ्या. मोजणी झालेली असेल तर ‘क’ प्रतीची झेरॉक्स जोडा. हद्दीचाच वाद असेल तर रीतसर मोजणीचा अर्ज करावा लागतो. आता ही मोजणी रोव्हर यंत्राने होते, त्याला जमिनीवरच्या कायम केंद्रांकडून दुरुस्ती मिळते आणि चूक मीटरवरून सेंटिमीटरवर येते. त्या मोजणीपुढे मोबाइलचा ठिपका टिकत नाही, मग तो तुमच्या बाजूचा असो की विरुद्ध.

आणि तोवर पीक पाहणीची मुदत जाऊ देऊ नका. शेतकऱ्याने स्वतः भरायचे दिवस संपले की राहिलेल्या गटांसाठी गावाला नेमलेले सहायक पाहणी करतात. त्यांना गाठून आपला गट राहिला आहे हे सांगा आणि ते येतील त्या दिवशी रानात हजर राहा. पीक उभं असेपर्यंतच हे होतं. काढणी झाली, रान नांगरलं, की फोटो कशाचा काढणार?